बोरखोलच्या कुंभारणी

"माशी मोजूक कोण बसलो हा?" दाजी गावकर म्हणाले आणि देवळातले सगळे मानकरी खो खो हसले.

हसण्यासारखंच होतं ते. गावपळण तोंडावर आली होती. बोरखोलात चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेतात, आणि कौल झाला की सगळं गाव शिवेबाहेर पडतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस गावात चूल पेटत नाही की दिवा लागत नाही. घर त्या तीन दिवसांपुरतं राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, हवाली. गाव या गडबडीत असताना मी मात्र, घाटावरून आलेला भाडेकरू, मानकऱ्यांसमोर हात जोडून उभा होतो आणि विचारत होतो की माझे माश्यांचे पिंजरे घरातच ठेवले तर चालतील का.

"अरे माशीमास्तर," दाजी डोळे पुसत म्हणाले. ते गावचे पहिले मानकरी, त्यांचा शब्द शेवटचा. "पाल रवता, उंदीर रवतत, मुंगे रवतत. तेंका कोण राहुटी बांधून देता? तुझी माशी रवांदे थयच. खुशाल रवांदे."

ह्याला आता वीसेक वर्षं होत आली. त्या दिवशी देवळाच्या पायऱ्या उतरताना मी किती हलका झालो होतो हे अजून आठवतं. शिट्टी वाजवत गेलो होतो, आणि मला शिट्टी धड वाजवता येत नाही.

माशीमास्तर हे नाव गावानं दिलेलं. मी सांगोल्याकडचा, कीटकांचं शिक्षण घेतलेला. आंबा बागायतदारांच्या एका संघानं मला बोरखोलात आणून ठेवलं होतं ते फळमाशीसाठी. फळमाशी आंबा तयार होऊ लागला की सालीत सुई खुपसते आणि आत अंडी घालते. बाहेरून आंबा असा देखणा की दृष्ट काढावी. कापला की आत अळ्या. फवारा मारून तिचं काही होत नाही, कारण अळी आत सुरक्षित बसलेली असते. तिला तिथं गाठणारी एकच, एक लहानशी गांधीलमाशी. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, तांबूस, मागे केसासारखी लांब सुई. ती फळावर चालते, थांबते, आतली वळवळ पायांनी ऐकते आणि नेमकी सुई घालून अळीच्या अंगात आपलं अंडं ठेवून देते. अळीला पत्ता नसतो. ती वाढते, जमिनीत जाऊन कोष करते, पण त्या कोषातून माशी कधी बाहेर येत नाही. गांधीलमाशी येते.

हे सगळं मी माझ्या घरमालकिणीला, शेवंताकाकीला, पिंजरे मांडले त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. विधवा बाई, साठीच्या पुढची, एकटीच राहायची. घरामागची पडवी तिनं मला दिली होती. तिनं पिंजऱ्याला डोळा लावून बराच वेळ पाहिलं.

"ही तर कुंभारीण," ती म्हणाली. कुंभारीण म्हणजे भिंतीवर मातीची घरटी करणारी गांधीलमाशी, ती कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असते. "बारकी कुंभारीण. आणि ही बाजूच्या पिंजऱ्यात कोण?"

"त्या फळमाश्या. कुंभारणी वाढवायच्या तर आधी माश्या वाढवाव्या लागतात. त्यांच्या अळ्या हेच हिचं घर."

"म्हणजे दुसऱ्याची पोरां पोसूची, तेवा आपलां एक वाढता."

"तसंच."

"संसारच मगे," काकी म्हणाली आणि कुळीथ निवडायला निघून गेली.

पण त्या दिवसापासून तिचा जीव त्यांच्यात गुंतला. सकाळी मी उठायच्या आत ती जाळीला मधाचं बोट फिरवून आलेली असायची. तिला कारणही होतं. घरासभोवती तिची हापूसची कलमं होती, नवऱ्यानं लावलेली. तिची एकुलती मुलगी सुलू बेळगावला दिलेली, आणि दरवर्षी पहिल्या आंब्याची पेटी व्याह्यांच्या घरी जायची. मागच्या वर्षी गेली तेव्हा पाहुणे बसले होते. विहीणबाईंनी कौतुकानं सगळ्यांसमोर आंबा कापला.

"बशीत वळवळली ती," काकीनं मला सांगितलं होतं. "विहीणबाय एक शब्द बोलूक नाय. नुसती बशी सरकवन ठेवल्यान. बोलली असती तर बरां होतां. तेच्यानंतर सुलूक काय काय ऐकूचां लागला ता माझां माका ठावक." मग थोडं थांबून, "यंदा तुझ्या कुंभारणी सोडूया, मगे मी पेटी धाडतंय. खुशाल कापांदेत धा माणसांत."

कुंभारणी सोडायच्या होत्या त्या चैत्रात, आंब्यात अळी धरायच्या वेळी. तोवर त्या जगवायच्या होत्या, आणि हीच खरी काळजी होती. मला त्या सापडल्या एकाच ठिकाणी, एस्टीच्या थांब्यामागच्या बदामाच्या झाडावर. देशी बदाम, पोरं ज्याच्या बिया दगडानं फोडून खातात तो. काही महिन्यांतच रस्ता रुंद झाला आणि झाड गेलं. त्यानंतर मी तालुक्यातले बदाम, पेरू, जाम सगळे पालथे घातले. माशी प्रत्येक झाडावर होती, कुंभारीण एकावरही नाही. आता ती जात उरली होती ती शेवंताकाकीच्या पडवीत, मच्छरदाणीच्या कापडाच्या पिंजऱ्यांत. तिथं ती मेली असती तर मला पुन्हा कुठं शोधायची हे ठाऊक नव्हतं.

म्हणून तर मी देवळात हात जोडून उभा राहिलो होतो.

पळणीच्या सकाळी मी सगळी तयारी केली. पाण्याच्या बाटल्यांत कापसाच्या वाती, साखर, जाळीला मध, पपईच्या फोडी. मुंग्या चढू नयेत म्हणून मांडणीचे पाय पाण्याच्या वाडग्यांत. कोषांचं ताट वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, कारण त्यातून आज-उद्या नवी पिढी बाहेर पडणार होती. पिंजऱ्यात हात घालायला कापडाच्या बाह्या असतात, सदऱ्याच्या असतात तशा. त्यांच्या तोंडाला मी एकेक घट्ट गाठ मारली. तीन दिवसांत काही होण्यासारखं नव्हतं.

बाहेर वाटेवर गाव चाललं होतं. डोक्यावर वळकट्या, टोपांचे ढीग, काखेत कोंबडे. गावकरांचा म्हातारा खाटेवर, चौघांच्या खांद्यावर, आणि तो खाटेवरून सगळ्यांना वाट दाखवत होता. पोरं तर जत्रेला निघाल्यासारखी.

"तू गाय घेवन फुडे हो," काकी म्हणाली. "वासरू मागसून येता. मी दार ओढून येतंय."

दार ओढणं हा तिथला विधी आहे. घरातल्या मोठ्या माणसानं शेवटी बाहेर पडायचं, उंबऱ्याबाहेरून घराला सांगायचं, आणि मग दार ओढायचं. काय सांगायचं हे मी अंगणातून जाताना शेजारच्या घरी ऐकलं. शेजारचे आबा मेस्त्री घाईघाईत पुटपुटले, "घरात कोण बांधलेलां नाय, कोण कोंडलेलां नाय. राखणदारा, घर तुझां." आणि कडी लावून चालू पडले. गोठ्यात जनावर विसरून राहू नये यासाठीची ही काळजी, असं मी मनाशी म्हटलं आणि गाईला हाकत पुढं झालो.

व्हाळापलीकडं, म्हणजे ओढ्यापलीकडं, शीव संपते. तिथल्या माळावर झावळ्यांच्या राहुट्या उभ्या होत्या. खरं सांगायचं तर पहिला दिवस मला फार आवडला. तांदळाची भाकरी, सुक्या बांगड्याचं तिखलं, बायकांच्या फुगड्या. कुणाला कामाची घाई नाही. दाजी गावकर मला बोलावून बोलावून विचारायचे, "मास्तर, माशी जेवली काय?" आणि मी म्हणायचो, "जेवली, दाजी." दोघंही हसायचो. व्हाळाच्या काठावरून झाडीतून काकीच्या घराची कौलं दिसत. आत सगळं नीट आहे याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकीनं मला राहुटीत वाढलं. पानावर भात, वर कढी. समोर बसून ती वारा घालू लागली.

"मास्तर, तू काल मागे वळान बघूक नाय, ता बरां केलंस," ती म्हणाली. "नायतर तुका वायट दिसला असता."

"काय?"

"तुझी पोरां. सोडलंय मी."

"कुठली पोरं?"

"कुंभारणी, माशी, सगळी. बाह्यांचे गाठी सोडलंय, जनेल उघडां टाकलंय. आणि मगे दार ओढलंय."

मी हसलो. खरंच हसलो. "थट्टा करताय काकी."

"थट्टा कित्याक करू?" तिच्या चेहऱ्यावर मोठं काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं. "दाजी म्हणता, पाल रवता, उंदीर रवतत. रवांदेत. तेंका जावचां तर ती जातत. पण ह्यांका आपण हातान बांधून ठेवलां. मी दारात उभी रवलंय, कोण बांधलेलां नाय म्हणाचां, तर तोंडातसून शब्द येवक नाय. परत आत गेलंय आणि सोडलंय. तुझ्याय मनात तांच होतां, माका ठावक हा. म्हणानच तू देवळात इचारूक गेललंस."

भात माझ्या हातातच राहिला. मला इतका राग आला की कान तापले, आणि त्याच क्षणी कळलं की हा राग ठेवायला जागाच नाही. समोरची बाई माझ्यासाठी आनंदात होती.

मी उठलो आणि तसाच व्हाळाकडं धावलो. मागून काकीची हाक आली, "अरे, जेवण टाकून खय चललंस?" मी काठावर पोचलो. घोट्याएवढं पाणी. पलीकडं पायवाट, चार उड्या मारल्या की घर. उडणाऱ्या तर गेल्याच असतील, पण कोषांच्या ताटातून बाहेर पडायच्या राहिलेल्या काही कुंभारणी असतील, त्यांच्यासाठी तरी गाठ मारता येईल. मी चप्पल काढली.

"मास्तर."

दाजी मागं उभे होते. त्यांच्या मागं आणखी चार-पाच माणसं. काकीनं त्यांना सांगितलं असावं.

"मी तुका सांगललंय माशीक कोण मोजता म्हणान," दाजी म्हणाले. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "शेवंता मोजीत ह्यां माझ्या ध्यानात इलां नाय."

"मी जाऊन येतो. दहा मिनिटं. कुणाला कळणार नाही."

"जा. हय तुका कोण धरून ठेवचो नाय." ते माझ्या बाजूला येऊन पाण्याकडं बघत उभे राहिले. "पण आमच्यावांगडा भायर पडलंस, तू आता पळणीतलो. तू आत पाय ठेवलंस की पळण मोडली. परत देवाक गाऱ्हाणां, परत कौल, परत पयल्या दिसापासून. मी लपवूक शकाचंय नाय, मास्तर. माझ्यासमोर जातंस तू."

"अहो, पण..."

"तां बघ," दाजींनी मान वळवली. एका राहुटीच्या तोंडाशी त्यांची सून बसली होती, पंधरवड्याचं बाळ छातीशी घेऊन. बाळ काल रात्रभर खोकलं होतं हे सगळ्या माळाला ठाऊक होतं. पलीकडं खाटेवर म्हातारा, पायाला गोधड्या गुंडाळलेल्या. "थंडी पडता हा. आणखी तीन दीस म्हण, तर तां तेंका जावन सांग. मी सांगूचंय नाय."

त्यांनी मला अडवलं असतं तर मी त्यांच्याशी भांडलो असतो. कुणी हात धरला असता तर झटकला असता. पण कुणी हातच लावला नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि सगळ्यांना वाईट वाटत होतं. मी चप्पल हातात घेऊन उभा राहिलो. पुढं जाता येईना, मागं फिरावंसं वाटेना.

एवढ्यात काकी आली. वाटेत तिला कुणीतरी समजावलं असावं, की मास्तर का धावला. तिचा चेहरा पार उतरला होता.

"ही माणसां म्हणतत तां खरां?" तिनं मला विचारलं. "ती तुका व्हयी होती?"

"हो, काकी."

"दुसरीकडे खय मेळाची नाय?"

"नाही."

"आणि माशीय सोडलंय मी."

"हो."

तिनं लुगड्याचा ओचा खोचला आणि सरळ पाण्यात उतरली.

"शेवंता!" दाजी ओरडले. "खुळी झालंस?"

"मी सोडलंय, मी बांधतंय," ती मागं न बघता म्हणाली. "पाप लागला तर माका एकटीक लागांदे."

सगळा माळ उभा राहिला. पाण्याच्या मध्यापर्यंत ती पोचली, आणि मग मलाच धावावं लागलं. मी पाण्यात जाऊन तिचा हात धरला. ज्या बाईनं माझी सगळी मेहनत खिडकीतून सोडून दिली होती, तिला मीच अडवत होतो.

"नको काकी."

"सोड माका. कित्याक नको?"

"आता तिथं बांधायला काही नाही. काल ऊन आल्यावर खिडकी उघडी दिसली, तेव्हाच गेल्या असतील सगळ्या. तुम्ही जाऊन गाठ माराल ती रिकाम्या पिंजऱ्याला."

मघाशी मी स्वतः जायला निघालो होतो तेव्हा हे मला सुचलं नव्हतं. तिला थांबवायला म्हणून बोललो आणि बोलता बोलताच ते खरं असल्याचं मला कळलं.

"एकय रवली नसात?"

"माहीत नाही."

"मगे बघूक तरी व्हयां."

"परवा बघू."

ती पाण्यात उभी राहिली. मग ती माझ्या आधारानं वळली आणि काठावर आली. दाजींनी पुढं होऊन तिला हात दिला.

उरलेले दिवस आमच्या राहुटीजवळ कुणी फुगडी घातली नाही. लोक येत, बसत, काहीबाही आणून देत. कुणी लाडू, कुणी भाजलेले काजू. एकानं सुचवलं, "परत पकड मा. बदामाच्या झाडावर होती ना?" दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. आबा मेस्त्री म्हणाले, ह्या रानात नाय तर पलीकडच्या रानात आसतली, रान काय थोडां आसा. मी होय म्हणत राहिलो. सगळी इतकी चांगली वागत होती की मला कधी एकदा तिथून पळून जातो असं झालं होतं, पण पळून जाणार कुठं? पळूनच तर आलो होतो.

तीन दिवस सरले, चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला, ढोल वाजले आणि गाव परतलं. काकीनं दार उघडलं. उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. मग आम्ही दोघं पडवीत गेलो.

पिंजऱ्यांच्या बाह्या लोंबत होत्या. तळाशी चार-दोन मेलेल्या माश्या. पपईच्या फोडी सुकून काळ्या पडलेल्या, वाती अजून ओल्या. खिडकीतून ऊन थेट मांडणीवर आलं होतं. मी कोषांचं ताट खिडकीपाशी नेलं आणि भिंग लावलं. माशी कोषातून बाहेर पडते तेव्हा टोपण फोडल्यासारखं टोक उघडतं. कुंभारीण कुरतडून वेडंवाकडं भोक पाडते. ताटात जवळजवळ सगळ्या कोषांना भोकं होती. उरलेल्यांची टोकं उघडलेली, बंद असा एकही नव्हता.

"काय दिसता?" काकीनं विचारलं.

मी भिंग तिच्या हातात दिलं आणि दाखवलं. तिनं एक डोळा मिटून बारकाईनं पाहिलं.

"ही भोकां कुंभारणीची?"

"हो. आपण बाहेर होतो तेव्हाच निघाल्या."

"म्हणजे जिती भायर पडली!" तिचा चेहरा एकदम उजळला. "मेली नाय. मगे आसतली मां हयच, माझ्या कलमांवर. आंबो धरलो की लागतली कामाक. तूय फुकट..."

"काकी," मी म्हणालो. मला बोलायचं नव्हतं, पण तिला पेटी पाठवायची होती आणि न बोलून चालणार नव्हतं. "कुंभारीण फार तर महिनाभर जगते. आणि आत्ता अंडं घालायला तिला एखाद्या पेरूतल्याशिवाय अळी कुठं मिळणार? आता तर मोहोरही फुटायचाय."

"आणि माशी?"

"माशी तीन-चार महिने तग धरते. कधी जास्तही."

तिनं भिंग खाली ठेवलं आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागली. "पौष. माघ. फाल्गुन. चैत." अंगठा थांबला.

"म्हणजे आंब्याक माशीच रवतली," ती हळू म्हणाली.

"हो."

ती पडवीच्या जोत्यावर बसली. समोर तिची कलमं होती, पानं तुकतुकीत, कुठं कुठं मोहोराचे डोळे सुजलेले. मी रिकाम्या पिंजऱ्यांशी उगाच काहीतरी करत राहिलो. शेवटी मला राहवलं नाही.

"काकी, हे सगळं आधी ठाऊक असतं तर नसतं ना सोडलं?"

माझी समजूत घालायला ती सहज हो म्हणू शकली असती.

"सोडलंच असतंय," ती म्हणाली. "घराक सांगूचां होतां मां माका. दारात उभां रवान खोटां कसां बोलू?"

संघानं काम बंद केलं. त्यांचं काही चुकलं नाही. सोडायला माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. तरी मी मे महिन्यापर्यंत तिथं राहिलो, कारण फेब्रुवारीत, मार्चमध्ये रोज वाटायचं की एखाद्या सडक्या पेरूतून एखादी तरी निघेल. निघाल्या त्या माश्याच.

त्या वर्षी काकीची कलमं अशी धरली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. गावातल्या म्हाताऱ्यांनीही इतका आंबा पाहिला नव्हता म्हणे. आणि तयार व्हायला लागला तसा तो गळायला लागला. उचलून बघावं तर सालीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग, आणि आत तेच. त्या माझ्याच माश्यांची पिलावळ होती असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. माशीवर शिक्का नसतो. गावात सगळीकडंच थोडीफार माशी होती. पण काकीच्या कलमांखाली होती तशी कुठंच नव्हती, आणि हे तिनं किंवा मी एकमेकांना एकदाही म्हटलं नाही.

मी सामान बांधत होतो त्या दुपारी सुलूचा फोन आला. घरात नीट ऐकू येत नसे म्हणून काकी फोन घेऊन अंगणात, कलमाखाली जाऊन उभी राहिली. तिच्या डोक्यापासून हातभर उंचीवर आंब्यांचे घोस लोंबत होते.

"बरी आसंय गे. तू कशी? ... आंबो?" ती वर बघायची टाळत होती. "नाय गे बाय, यंदा आंबो खय? मोहोरच इलो नाय. थंडीच पडूक नाय मां यंदा."

पलीकडून सुलू काहीतरी लांबलचक बोलत होती. काकी हं, हं करत राहिली.

"तेंका सांग, फुडल्या वर्षाक नक्की धाडतंय. म्हणाचां, आवशीन सांगल्यान, झाडां यंदा मोकळी रवली."

तेवढ्यात एक आंबा सुटला आणि तिच्या पायाशी धप्पकन पडला. काकीनं चटकन फोनवर तळवा धरला. मग सावकाश काढला.

"काय गे?" ती म्हणाली. "आवाज? ... काय नाय. नारळ पडलो."